पीओपीचं नक्षीकाम: पीस उलटा करून बघा

प्रश्न: हॉलमध्ये कॉर्निस (भिंत आणि छत मिळतात तिथली नक्षीदार पट्टी) आणि मधोमध पंख्याभोवतीचं मोठं फूल बसवायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तयार पीस आणून नुसते चिकटवू, स्क्रूची गरज नाही. आणि फायबरवाला पीस साध्या पीओपीपेक्षा खरंच वेगळा असतो का?

उत्तर: असतो, आणि फरक सगळा मागच्या बाजूला असतो. नुसतं पीओपी दाबाला टिकतं पण वाकलं की तडकतं, म्हणून त्यात गोणपाटाचं कापड आणि लाकडी पट्ट्या घालून पातळ, हलके पण दणकट पीस काढायची पद्धत आली, हाच तुमचा फायबरवाला पीस, लिओनार्ड अलेक्झांडर देसाशी यांनी १८५६ मध्ये ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं आणि नंतर थिएटरांची मोठमोठी छतं अशीच बनायला लागली.

साच्यात आधी पातळ माल, म्हणजे पाण्यात कालवलेलं पीओपी, ब्रशने मारतात, पानाच्या टोकात, कळीच्या खाचेत, सगळीकडे, नाहीतर तिथे बुडबुडे राहतात. तो थर घट्ट व्हायला लागला पण पूर्ण सेट झालेला नाही, बरोबर तेव्हा मालात बुडवलेलं कापड त्यावर बसवायचं, कडेने पट्ट्या ठेवायच्या, वरून दुसरा हात. घाई केली तर कापडाची वीण पुढून दिसते, उशीर झाला तर दोन थर एकजीव होत नाहीत आणि पुढे कधीतरी वरची नक्षी पापुद्र्यासारखी सुटते. ही वेळ साधणं हीच खरी कारागिरी आहे, नक्षी तर साचाच देतो!

त्यामुळे पीस घेताना उलटा करा. कापड कडेपर्यंत गेलंय का, कुठे कोरडे धागे उघडे आहेत का ते बघा. कोरडा धागा म्हणजे तिथे माल मुरलाच नाही, असा पीस परत द्या.

आता चिकटवण्याचं. थर्माकोलची हलकी पट्टी चिकटवून चालते, पण प्लास्टरचा मोठा पीस नुसत्या चिकटवणीवर डोक्यावर लटकवू नका, अजिबात नाही. स्क्रू हवेतच, तेही आत लाकडी पट्टी असलेल्या जागेतून आणि वर स्लॅबमध्ये किंवा फ्रेममध्ये घट्ट धरतील असे. साधे लोखंडी स्क्रू नकोत, ओल्या प्लास्टरमध्ये ते गंजतात आणि रंगातून तपकिरी डाग वर येतो, गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले) किंवा स्टेनलेस वापरायला सांगा.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या जुन्या सभागृहाच्या नक्षीदार छताला बारीक चिरा पडल्यात. पुट्टी भरून रंग दिला तर चालेल ना?

उत्तर: आधी छताच्या वर कोणालातरी जाऊन बघू द्या, पुट्टीचं नंतर. अशी जुनी छतं बरेचदा वरच्या लाकडांना प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या गाठींनी टांगलेली असतात, खालून त्या दिसतच नाहीत. लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये, १९०१ सालची इमारत, १९ डिसेंबर २०१३ ला नाटक चालू असताना छताचा भाग कोसळला आणि सत्तरहून जास्त लोक जखमी झाले, कारण निघालं ते हेच, वरचं जुनं गोणपाट कुजून कमजोर झालं होतं.

जोडावरून जाणारी केसासारखी सरळ चीर बहुतेक वेळा किरकोळ असते. पण चिरेची एक बाजू खाली आली असेल, छत कुठे फुगलेलं वाटत असेल किंवा वरून कधी पाणी गळून गेलं असेल तर खालच्या खुर्च्या आजच हलवा आणि अशा कामाची माहिती असलेल्या इंजिनिअरला बोलवा. गळती थांबली म्हणून विषय संपत नाही, भिजलेलं गोणपाट आतल्या आत सडत राहतं. आणि पुट्टी भरली की चीर वाढतेय का तेही कळत नाही.

प्रश्न: नवीन पीस बसवल्यावर रंग कधी द्यायचा?

उत्तर: सेट होणं वेगळं आणि वाळणं वेगळं. सेट अर्ध्या तासाच्या आत होतं, वाळायला हवेप्रमाणे कित्येक दिवस किंवा आठवडे लागतात. हाताला गार लागतंय तोवर थांबा. हीटर लावून घाई नको, जास्त उष्णतेने प्लास्टरच्या रचनेतलंच पाणी निघून जातं आणि पीस भुसभुशीत होतो, खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती ठेवा. पहिला हात पातळ द्या, जाड रंगाचे थर चढले की नक्षीच्या खाचा बुजतात. आणि हेच पीस बाहेरच्या भिंतीला लावायचा विचार असेल तर नको, सेट झालेलं पीओपी म्हणजे जिप्समच, आणि ते पाण्यात हळूहळू विरघळतं, तिथे सिमेंटचंच काम करून घ्या.