शाळा भरलेली असताना धुळीचं वादळ आलं, तर दम्याच्या मुलासाठी शाळेतली नर्स काय करू शकते?

ऐरोलीच्या ताई, 13 मे 2024ला दुपारी धुळीच्या वादळाने आकाश पिवळं झालं तेव्हा सुट्टीमुळे तुमचा 8 वर्षांचा मुलगा घरी होता. तो शाळेत असता तर काय झालं असतं, ही तुमची धास्ती अगदी रास्त आहे. मी आता नेरुळच्या एका शाळेत नर्स आहे, आधी काही वर्षं शारजातल्या शाळेत होते. तिकडे शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटला की इराककडची धूळ येते आणि हवा लवकर निवळत नाही. मे 2022मध्ये खुद्द इराकमध्ये एकाच वादळात 5,000हून जास्त माणसांना श्वासाच्या त्रासामुळे उपचार घ्यावे लागले. त्याच वर्षी जानेवारीत पाकिस्तानकडची धूळ समुद्रावरून मुंबईपर्यंत आली आणि गाड्यांवर पांढरा थर बसला. म्हणजे वाळवंट आपल्यापासून फार लांब नाही.

ऐनवेळी नर्स काय करू शकेल, हे तिच्याकडे आधी काय देऊन ठेवलंय त्यावर ठरतं. मागे चौथीतल्या एका मुलाला मैदानातल्या धुळीने धाप लागली. आईने दिलेला दम्याचा पंप (इनहेलर) होता, दाबला की फुस्स आवाजही येत होता, पण घरघर कमी होईना. पंप फिरवून मागे पाहिलं तर उरलेल्या पफचा (फवाऱ्यांचा) आकडा 000! औषध संपलं तरी आतला गॅस फवारत राहतो, त्यामुळे आवाजावर विसंबू नका. शाळेचा जादा पंप होता म्हणून निभावलं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी प्रत्येक पंपाचा आकडा आणि मुदतीची तारीख बघते. आकडा नसलेल्या पंपाचे किती पफ वापरले हे मात्र घरच्यांनीच मोजून ठेवायला हवं. 200 पफचा असेल तर तेवढेच.

त्रास सुरू झाला की मी मुलाला ताठ बसवते, आडवं होऊ देत नाही. सालब्युटामॉलचा, म्हणजे लगेच आराम देणारा पंप हलवून स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या पोकळ नळीला) लावायचा, एक पफ, त्यातून 4 ते 6 श्वास, मग पुन्हा हलवून पुढचा. असे 4 पफ. 4 मिनिटांत उतार नसेल तर आणखी 4, आणि त्याच वेळी रुग्णवाहिकेसाठी 108ला फोन. डॉक्टरांनी तुमच्या मुलासाठी वेगळं लिहून दिलं असेल तर त्याप्रमाणे. एक वाक्य सलग बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 92 टक्क्यांच्या खाली गेला, तर 108ला फोन करायला एक मिनिटही वाट पाहायची नाही. घरघर एकदम थांबली आणि मूल मलूल पडलं, तर त्याला आराम पडला असं समजू नका. हवा आतच जात नाहीये.

वादळाच्या दिवशी खिडक्या बंद, पीटी रद्द, इतपत सगळ्यांनाच सुचतं. चूक होते ती नंतर. धूळ खाली बसली की मावशी झाडू घेतात आणि बसलेली धूळ पुन्हा उडते. आमच्याकडे आधी ओलं फडकं फिरवतात. आणि त्रास त्याच दिवशी होईल असं नाही, पुढचे दोन-तीन दिवसही जपावं लागतं. रात्री खोकून उठला असेल तर सकाळी शाळेला एवढं तरी कळवा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून बरं वाटताच रोजचा प्रतिबंधक पंप बंद करणारे पालक मला दरवर्षी भेटतात. सवय वगैरे काही लागत नाही. तो पंप श्वासनलिकांची सूज रोज थोडी थोडी उतरवत असतो. धूळ आल्यावर सुरू करून तो लगेच उपयोगी पडत नाही.

शाळेत द्यायला डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी, नाव लिहिलेला पंप आणि स्पेसर आणा. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुवून तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून बसतं. आणि वर्गशिक्षिकेला समोर बसून विचारा: औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आणि नर्स रजेवर असेल त्या दिवशी माझ्या मुलाला पंप कोण देणार?