वाचकांचे प्रश्न : ड्रिलच्या खटक्यामागचा बदलता रोध

प्रश्न : माझ्या ड्रिल मशीनचा खटका जितका दाबावा तितका वेग वाढतो. अलीकडे मात्र एका ठरावीक जागी मशीन एकदम झटका घेते. खटका उघडून पाहिला, तर आत नखाएवढ्या पट्टीवर काळा कार्बनचा लेप आणि त्यावर घासणारी पितळी जीभ एवढेच दिसले. ६०० वॅटची मोटर इतक्या लहान रोधकाने कशी आवरली जाते आणि तो जळत कसा नाही?

उत्तर : तो जळत नाही, कारण मोटरचा प्रवाह त्यातून जातच नाही. २३० व्होल्टवर चालणारी ६०० वॅटची मोटर पूर्ण भारावर सुमारे २.६ अँपिअर प्रवाह घेते. वेग कमी करण्यासाठी मोटरच्या वाटेत सरळ रोध घातला आणि त्यावर निम्मा विद्युतदाब (व्होल्टेज) सोडला, तर २ अँपिअर प्रवाह धरूनही त्या रोधात २३० वॅट उष्णता निर्माण होईल. कार्बनच्या अशा छोट्या पट्टीला वॅटच्या काही अंशाएवढीच उष्णता सोसते. पंख्याचे जुने, पेटीसारखे रेग्युलेटर मात्र तारेच्या वेटोळ्याचा रोध वापरून खरोखरच याच पद्धतीने चालत, आणि म्हणूनच ते हाताला गरम लागत.

ड्रिलमध्ये हा रोध केवळ इशारा देण्याचे काम करतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात विजेची प्रत्येक अर्धी लहर १० मिलिसेकंदांची असते. मोटरच्या वाटेवर ट्रायॅक नावाचा अर्धवाहक स्विच असतो आणि प्रत्येक अर्ध्या लहरीच्या सुरुवातीला तो बंद असतो. तुमच्या पट्टीतून येणाऱ्या क्षीण प्रवाहाने एक छोटा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, भरत जातो. त्याचा दाब सुमारे ३० व्होल्टला पोहोचला की डायॅक नावाचा घटक एकदम वाहता होऊन ट्रायॅकला चेतवतो, आणि मग प्रवाह पुन्हा शून्यावर येईपर्यंत मोटरला वीज मिळत राहते. खटका खोल दाबला की जीभ सरकून रोध कमी होतो, कपॅसिटर लवकर भरतो आणि समजा दुसऱ्याच मिलिसेकंदाला वाट मोकळी होते. हलका दाबला, तर हीच वाट सातव्या मिलिसेकंदापर्यंत बंद राहते आणि मोटरच्या वाट्याला लहरीचे केवळ शेपूट येते. १०० किलोओहम रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांचा गुणाकार १० मिलिसेकंद भरतो, म्हणजे या नाजूक घटकांची मापे अर्ध्या लहरीच्या वेळेशी जुळवूनच निवडलेली असतात. मला स्वतःला या रचनेतली ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. काही खटक्यांत अगदी तळाशी तांब्याचा वेगळा संपर्क असतो आणि खटका पूर्ण दाबल्यावर तो ट्रायॅकला वळसा घालून मोटर थेट पुरवठ्याला जोडतो.

बॅटरीच्या ड्रिलमध्ये ट्रायॅकच्या जागी मॉसफेट हा दुसरा अर्धवाहक स्विच असतो आणि तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. प्रत्येक आवर्तनात तो किती वेळ चालू राहावा, हे नियंत्रक खटक्याची स्थिती पाहून ठरवतो, आणि ती स्थिती सांगण्याचे काम अनेक मशिनांत असाच बदलता रोध करतो.

आता झटक्याविषयी. नेमक्या एकाच जागी झटका येत असेल, तर तिथला कार्बनचा लेप झिजला असण्याची किंवा तिथे बारीक धूळ बसली असण्याची शक्यता मोठी आहे. तपासण्यापूर्वी प्लग काढा, बॅटरीचे मशीन असेल तर बॅटरी वेगळी करा. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्याच्या सुया पट्टीच्या एका टोकाला आणि जिभेला लावा व खटका अगदी सावकाश दाबा. आकडा सलग चढला किंवा उतरला पाहिजे. मध्येच तो उडी मारत असेल, तर दोष सापडला असे समजा. झिजलेली पट्टी दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये, पूर्ण खटकाच बदलावा, कारण हातात फिरते पाते असताना वेग अचानक वाढणे धोक्याचे असते.

प्रश्न : जुन्या अॅम्प्लिफायरचे आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते. तेल सोडावे का? आणि बटण अर्धे फिरवले तरी त्याचा रोध निम्मा का भरत नाही?

उत्तर : तेल सोडू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. जीभ आणि पट्टी यांच्यामध्ये कार्बनची भुकटी किंवा धातूवरचा गंज आला की संपर्क क्षणभर सुटतो, आणि तेच स्पीकरमधून खरखर होऊन ऐकू येते. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर, वीज बंद करून, बटणाच्या फटीत थोडासा फवारावा, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवावे आणि नीट वाळू द्यावे. एवढे करूनही खरखर तशीच राहिली, तर आधीच्या टप्प्यातला कपॅसिटर गळका होऊन पट्टीवर एकदिश (डीसी) विद्युतदाब येत आहे का, हे पाहावे लागेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कानात आहे. आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती दुपटीपेक्षा बरीच अधिक वाढावी लागते, म्हणून या बटणांतली पट्टी मुद्दाम लॉगरिदमिक वळणाची बनवतात. निम्मे फिरवल्यावर एकूण रोधाचा साधारण १० ते १५ टक्के भागच ओलांडलेला असतो. त्या जागी समप्रमाणात बदलणारा रोधक बसवला, तर सुरुवातीच्या थोड्याशाच फिरवण्यात आवाज अंगावर येईल आणि उरलेल्या फेऱ्यात फारसा फरक जाणवणार नाही.

प्रश्न : या बदलत्या रोधकाला तीन पाय असतात, काही मंडलांत (सर्किटांत) दोनच का जोडतात?

उत्तर : तिन्ही जोडले की दाबाची वाटणी होते : दोन टोकांमधला दाब मधल्या, म्हणजे जिभेच्या, पायावर हवा तितका मिळतो. गेम कन्सोलच्या जॉयस्टिकमध्ये सहसा असेच दोन रोधक असतात, एक आडव्या व एक उभ्या हालचालीसाठी. फक्त प्रवाह कमी-जास्त करायचा असेल, तर दोन पाय पुरतात, आणि या जोडणीला ऱ्हिओस्टॅट म्हणतात. हा शब्द इंग्लिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये रूढ केला. अशा वेळी मोकळा उरलेला पाय मधल्या पायाला जोडून टाकावा. पुढे कधी जिभेचा संपर्क सुटला, तरी मंडल एकदम तुटत नाही, पट्टीचा पूर्ण रोध वाटेत राहतो.