इस्टरला संपलेल्या गोळ्या

प्रश्न : मी ४६ वर्षांची, इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. थायरॉइड कमी असल्याने लिव्होथायरॉक्सिन आणि शिवाय बीपीची एक गोळी चालू आहे. इस्टरच्या आदल्या गुरुवारी एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) अ‍ॅपवरून रिपीट, म्हणजे नेहमीच्या गोळ्या, मागवलं, ते पुढच्या गुरुवारी हातात पडलं. मधले दोन दिवस बीपीच्या गोळीविना काढले. आता थायरॉइडची गोळी सर्जरीने (डॉक्टरांच्या दवाखान्याने) नाकारलीय, कारण फक्त 'रिव्ह्यू ड्यू'. दर महिन्याला १९.८० पौंड मोजून ही कटकट! पुण्याहून वर्षभराच्या गोळ्या आणून ठेवू का?

उत्तर : आधी पैशांचं बोलू, कारण पत्रात मला तेच खटकलं. थायरॉइड कमी म्हणून लिव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांना इंग्लंडमध्ये औषधांचे पैसे माफ आहेत. बीपीच्या गोळीचेही. मात्र त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. सर्जरीत एफपी९२ए नावाचा फॉर्म मागा. प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं. ते येईपर्यंत पैसे भरावे लागले तर त्याच वेळी काउंटरवर पैसे परत मिळवायची एफपी५७ पावती मागून घ्या, नंतर कोणी देत नाही. आणि प्रमाणपत्र नसताना 'माफ'वर टिक करू नका, १०० पौंडांपर्यंत दंड बसतो.

स्लाऊच्या एका फार्मसीत मी १९ वर्षं काउंटरमागे होते. महिन्यामागून महिने पैसे मोजणाऱ्या आपल्या कितीतरी बायका पाहिल्या. विचारलं की ठरलेलं उत्तर : "अहो, डॉक्टर काही बोललेच नाहीत." नाहीच बोलत. दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये फॉर्मची आठवण कुणाला राहणार?

आता इस्टर. सर्जरी रिपीटला दोन दिवस म्हणते ते कामाचे दिवस. गुड फ्रायडे, शनिवार, रविवार आणि इस्टर मंडे गेले; मंगळवार-बुधवार सर्जरीचे; गुरुवारी फार्मसीने गोळ्या काढल्या. म्हणजे कुणी उशीर केलाच नाही, गणितच तसं होतं. पाकिटात सात-आठ गोळ्या उरल्या की मागवा, मोठ्या सुट्टीआधी दहा. फार आधी मागवलंत तर 'इतक्यात नाही' म्हणून परत येतं. आणि गोळ्या संपल्याच तर गप्प बसू नका, १११ला (एनएचएसच्या हेल्पलाइनला) फोन करा किंवा त्यांच्या वेबसाइटवर कळवा. ते जवळच्या फार्मसीतून थोड्या दिवसांच्या गोळ्यांची सोय करू शकतात. थायरॉइडची गोळी दोन दिवस चुकली तर एवढं बिघडत नाही, बीपीची चुकवू नये.

'रिव्ह्यू ड्यू' म्हणजे बहुतेक वर्षाची रक्ततपासणी राहिलीय. प्रिस्क्रिप्शनला जोडून येणाऱ्या पांढऱ्या चिठ्ठीवर ती तारीख छापलेली असते, पण ती चिठ्ठी आपण पिशवीसकट फेकून देतो. रिसेप्शनला फोन करून "थायरॉइडची रक्ततपासणी हवी, आणि तोवर पुरतील एवढ्या गोळ्या द्याल का?" असं एका दमात विचारा. दुसरा अर्धा भाग विचारला नाही तर गोळ्या मिळत नाहीत.

पुण्याच्या गोळ्यांचा मोह मी समजू शकते. सांगलीत आमच्या मेडिकलवाल्या काकांना "नेहमीच्या पाठवा" म्हटलं की पोरगा सायकलवरून आणून द्यायचा. पण तिकडे बीपीच्या दोन औषधांची मिळून एकच गोळी सर्रास देतात, इथे बहुतेकदा वेगवेगळ्या. इथल्या नोंदीत एक, पोटात भलतंच, आणि डोस बदलायची वेळ आली की डॉक्टर गोंधळतात. तपासणीही चुकते. प्रवासात पुरतील एवढ्या आणा, वर्षभराच्या नकोत.

जाता जाता, ज्यांना माफी नाही पण वर्षाला १२ किंवा जास्त वेळा ९.९० पौंड भरावे लागतात, त्यांना ११४.५० पौंडांचं वर्षाचं प्रीपेमेंट, म्हणजे वर्षभराच्या औषधांचे पैसे आगाऊ भरणं, स्वस्त पडतं. साठी ओलांडलेल्यांना तेही नको. माझ्या सासूबाईंना हे सांगायला गेले, तर त्या "गोळ्यांसाठी सर्जरी कशाला?" म्हणून घाबरून बसल्या होत्या. डॉक्टरांच्या दवाखान्याला इथे सर्जरी म्हणतात हे पटवण्यातच आमची एक संध्याकाळ गेली.