मॅन पेजचा सोर्स आवरताना

प्रश्न: आमच्या सी लायब्ररीची चाळीसेक मॅन पेजेस (युनिक्समधली मदतपानं) आहेत. सोर्समध्ये कोणी ओळी ६० अक्षरांवर मोडल्यात, तर कोणी अख्खा परिच्छेद एका ओळीत कोंबलाय. एडिटरकडून सगळं ७२ रकान्यांत बसवून पॅच पाठवला, तो परत आला. नेमकं काय चुकलं?

उत्तर: मॅन पेजचा सोर्स ट्रॉफ या युनिक्सच्या जुन्या मांडणी-भाषेत असतो. एडिटरला ट्रॉफ कळत नाही, चूक तिथेच आहे. ट्रॉफमध्ये ओळीच्या तोंडाशी टिंब किंवा एकेरी अवतरणचिन्ह आलं की ती आज्ञा ठरते. परिच्छेद नव्याने भरताना ‘.प्रोफाइल’सारखं फाइलनाव सरकून ओळीच्या सुरुवातीला आलं, तर ग्रॉफ (ट्रॉफची ग्नू आवृत्ती) त्याला अनोळखी मॅक्रो, म्हणजे नाव दिलेली आज्ञा, समजून ती ओळच गाळतो. हा इशारा मुळात बंद असतो, त्यामुळे पत्ताही लागत नाही. सगळे इशारे चालू करून एकदा तपासा आणि अशा नावाआधी \& घाला; ते छापलं जात नाही.

ओळी रकाने मोजून मोडूच नका. दर वाक्य नव्या ओळीवर घ्या, लांब वाक्य स्वल्पविरामाशी किंवा ‘आणि’, ‘पण’च्या आधी तोडा. युनिक्सवर काम केलेल्या ब्रायन कर्निहान यांनी हा सल्ला १९७४ मध्येच दिला होता. नमुना असा:

यश आल्यास शून्य परत येतो.
चूक झाल्यास \-१ परत येतो,
आणि एररनोमध्ये कारण नोंदवलं जातं.

वाचणाऱ्याला हे सलगच दिसतं, कारण ओळी भरायचं काम ट्रॉफचं. डिफमध्ये (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या यादीत) मात्र बदललेलं वाक्य तेवढं उठून दिसतं. संक्षेपाचा टिंब ओळीच्या शेवटी आला तर ट्रॉफला वाक्य संपल्यासारखं वाटतं आणि तो एक स्पेस जास्त सोडतो. तिथेही टिंबानंतर \& लागतं.

आता पडताळणी. आधीचं आणि नंतरचं पान रेंडर करून सरळ डिफ घेतलात तर गोंधळ दिसेल: वाक्यांमधली स्पेस एकाची दोन झालेली असते, त्यामुळे पुढच्या ओळी सरकतात. म्हणून ओळीच्या शेवटी शब्द तोडणं (हायफनेशन) बंद करा, दोन्ही आउटपुट एका ओळीत एक शब्द असं उलगडा आणि मग डिफ घ्या. तो रिकामाच यायला हवा. ठळक-तिरप्याच्या खुणा मात्र पुसू नका, नाहीतर फाँटची चूक निसटते. ग्रॉटीला (ग्रॉफचं टर्मिनलसाठी आउटपुट काढणारा भाग) जुन्या, अक्षरावर अक्षर छापणाऱ्या पद्धतीने चालवलं की ही खूण प्रत्येक अक्षराला चिकटलेली राहते आणि ओळ कुठेही मोडली तरी तुलना बिघडत नाही. डिफमध्ये एखादा शब्द उरला, तर तो बदल मजकुराचा आहे. तो वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत) जाऊ दे.

प्रश्न: मॅन पेजवरून आज्ञेचा पर्याय (ऑप्शन) कॉपी करून टर्मिनलवर चिकटवला, तर आज्ञा तो ओळखत नाही. दिसायला सगळं बरोबर आहे.

उत्तर: सोर्समध्ये साधी आडवी रेघ आहे. यूटीएफ-८ आउटपुटमध्ये ग्रॉफ तिचं संयोगचिन्ह करतो, युनिकोड २०१०. शेलला (टर्मिनलवरच्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) हवी असते ती आस्कीमधली रेघ. पर्याय, फाइलनावं आणि ऋण संख्यांत \- लिहा. काही लिनक्स वितरणं दोन्ही रेघा एकच करून टाकतात, म्हणून तुमच्या मशीनवर चालेल आणि दुसरीकडे फसेल. सरसकट शोधा-आणि-बदला मात्र करू नका. जोडशब्दांतली रेघ साधीच राहू द्या.

प्रश्न: या आवराआवरीनंतर गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेत) सगळीकडे माझंच नाव दिसतं.

उत्तर: गिट २.२३ पासून (२०१९) ब्लेमला काही कमिट वगळायला सांगता येतं. आवराआवरीच्या कमिटचा पूर्ण हॅश (त्याची ओळखखूण) एका फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलचं नाव गिटच्या सेटिंगमध्ये नोंदवा. हे सेटिंग क्लोनबरोबर जात नाही, प्रत्येकाने आपापलं करायचं. हॅश मुख्य शाखेत मर्ज झाल्यावरच लिहा. त्याआधी लिहिलात आणि मध्ये रीबेस झालं (कमिट नव्या पायावर पुन्हा रचले गेले), तर हॅश बदलतो आणि ती नोंद वाया जाते.