तुटीचा दावा: मोजणी कुठे चुकते?

प्रश्न: आमच्या जहाजातून उतरवलेला कोळसा किनाऱ्यावरच्या काट्यावर बिल ऑफ लेडिंगमधल्या (माल चढवल्याच्या पावतीतल्या) वजनापेक्षा ३०० टन कमी भरला. हॅचची (मालाच्या कोठारांच्या झाकणांची) सीलं तर शाबूत होती. पुढच्या खेपेला काय काळजी घ्यावी?

उत्तर: जहाजावरच्या मालाचं वजन ड्राफ्टवरून, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालंय त्यावरून काढतात; हाच ड्राफ्ट सर्व्हे. त्यात आधी पाण्याची घनता बघा, मोठा घोळ तिथेच होतो. मुरगावसारख्या नदीमुखाशी असलेल्या बंदरात पावसाळ्यात गोडं पाणी वर तरंगतं. बादली वरच्यावर बुडवली की हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) १.०१५ दाखवतो, खाली मात्र १.०२० असू शकतं. विस्थापन (जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन) ८०,००० टन असेल तर एवढ्यानेच सुमारे ३९० टनांची चूक होते! नमुना ड्राफ्टच्या निम्म्या खोलीवरून, दोन-तीन ठिकाणांहून आणि ड्राफ्ट वाचतानाच घ्या. ड्राफ्ट सहाही ठिकाणी (पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना) वाचा, समुद्राच्या बाजूचे होडीतून. बॅलास्टची (जहाज स्थिर ठेवायला भरलेल्या पाण्याची) टाकी ‘रिकामी’ म्हणून सोडू नका, साउंडिंग घ्याच, म्हणजे आत किती पाणी आहे ते मोजाच.

ओला कोळसा वाटेत पाणी सोडतो. बिल्जमधून (तळाशी पाणी साचतं त्या खड्ड्यातून) रोज किती उपसलं ते लॉगबुकात लिहा, कारण ते पाणी बिल ऑफ लेडिंगमधल्या वजनातलंच असतं.

सर्व्हे माल घेणाऱ्याच्या सर्व्हेयरसोबतच करा. होल्ड (मालाची कोठारं) रिकामे झाल्याची त्या सर्व्हेयरची सही जहाज सुटण्याआधी हातात हवी.