‘विरोधी हिंसा’ की ‘हिंसाविरोध’?

सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय: जैन प्रवचनाचा सारांश स्मरणिकेसाठी लिहून दिला, त्यात ‘गृहस्थाला विरोधी हिंसेचा पूर्ण त्याग नसतो’ असं वाक्य होतं. तपासणाऱ्यानं ते ‘हिंसाविरोधाचा’ करून टाकलं. बरोबर काय?

ताई, तुमचंच बरोबर. दुरुस्तीनं अर्थ पार उलटला. ‘विरोधी’ शब्द मागं जोडून आला की ‘च्या विरुद्ध’, जसं दारूविरोधी. पुढं सुटा आला की साधं विशेषण, जसं विरोधी पक्ष. विरोधी हिंसा म्हणजे अंगावर चालून आलेल्याचा प्रतिकार करताना घडणारी हिंसा. संस्कृतच्या चालीनं ‘विरोधिनी’ म्हटलं असतं तर हा घोळ झालाच नसता, पण रूढ झालंय ते असंच.

जैन विचारात हिंसेचे चार प्रकार, त्यातला हा एक. या चौकडीतले बाकीचे शब्दही चकवेच आहेत. ‘आरंभी’ म्हणजे सुरुवातीला नव्हे. जैन परिभाषेत आरंभ म्हणजे जीव दुखावणारी खटपट, आणि आरंभी हिंसा म्हणजे चूल, जातं, केरसुणी, उखळ यांत घडणारी. शेंगाचटणी कुटण्याआधी उखळ पुसून, आत मुंगी नाही ना हे बघणारी आजी तीच टाळत असते. ‘उद्योगी’ म्हणजे पोटापाण्याच्या धंद्यात घडणारी. ‘संकल्पी’ म्हणजे मारायचंच ठरवून केलेली. ती गृहस्थानं साफ सोडायची, उरलेल्या तिन्ही जमेल तितक्या कमी करायच्या. मुनींना चारही वर्ज्य.

मला यात आवडतं ते हे, की विशेषण कुठलंही लावा, नाम ‘हिंसा’च राहतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्षत्रियाला धर्म्य युद्धाहून श्रेयस्कर काही नाही म्हटलंय. तिथं युद्धालाच धर्माचं विशेषण मिळतं. इथं लढाईला मुभा आहे, पण तिची नोंद हिंसेच्याच खात्यात.

दोष मोजायचा तो मनावरून. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाची व्याख्याच ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’ अशी आहे: प्रमादाच्या, म्हणजे बेसावधपणाच्या, योगानं प्राण घेणं. इ.स. 959 मध्ये यशस्तिलक हे काव्य लिहिणारे जैन आचार्य सोमदेवसूरी म्हणतात, जाळ्यात एक मासा न येताही कोळी पापी, आणि नांगराखाली जीव मरूनही शेतकरी तसा नाही. (कोळीबांधवांनी रागावू नये, दृष्टान्त हजार वर्षांपूर्वीचा आहे.) राजानं शस्त्र चालवायचं ते रणात शस्त्र घेऊन उभ्या शत्रूवर किंवा राज्यातल्या कंटकावर, दीनांवर नाही, हेही त्यांचंच. श्रवणबेळगोळचे बाहुबली उभारणारा चावुंडराय गंग राजघराण्याचा सेनापती होता, आणि ‘समरपरशुराम’ हे बिरुद मिरवत होता.

दुसऱ्याचा मुलूख घ्यायला निघालेल्या राजाचं काय? माझ्या मते त्याची हिंसा विरोधी नव्हे, सरळ संकल्पी. प्रवचनात ‘प्रतिकार’ हा शब्द आला असेल तर तोही सारांशात घ्या.

छापताना ‘विरोधी हिंसा’ दोन शब्द तोडूनच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथं कंसात ‘प्रतिकार करताना घडणारी’ एवढं घाला, म्हणजे तपासणाऱ्याचा हात पुन्हा शिवशिवणार नाही.