पीसीओएसमध्ये ‘इम्युनिटी बूस्टर’ घ्यावं का?

प्रश्न: वय 27, पीसीओएस (बीजांडकोशांशी निगडित हार्मोनचा विकार) आहे. टीपीओ अँटीबॉडी (थायरॉइडविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं) वाढलेल्या निघाल्यामुळे थायरॉइडची गोळीही चालू आहे. गुळवेल आणि अश्वगंधेने प्रतिकारशक्ती वाढून पाळी नियमित होईल, असं अनेकजण सुचवतात. घेऊ का? पुदिना आणि हळद चालेल का?

उत्तर: गुळवेल आणि अश्वगंधा तुम्ही घेऊच नका. पीसीओएसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, उलट शरीरात सौम्य दाह सतत धुमसत असतो. सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) अनेकींत थोडं वाढलेलं दिसतं ते त्यामुळेच. या दाहाने पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग इन्सुलिन वाढतं, बीजांडकोश जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि पाळी लांबते. त्यात तुमची प्रतिकारयंत्रणा थायरॉइडवरच उलटलेली आहे. तिला आणखी चिथावून काय साधणार?

गुळवेलीनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, त्यातल्या बऱ्याच जणींना आधीपासून थायरॉइडसारखा स्वयंप्रतिरोधक आजार होता. अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढू शकतं. गोळी चालू असताना धडधड आणि हात थरथरणं सुरू होऊ शकतं, आणि डोस ठरवणं अवघड जातं. आधीच घेऊन झालं असेल आणि लघवी गडद, डोळे पिवळे किंवा अंगाला खाज असेल, तर लगेच बंद करून यकृताची तपासणी करून घ्या.

पुदिना चालेल. सुमारे 5 ग्रॅम वाळलेली पानं 250 मिलि उकळत्या पाण्यात घालून 5 ते 10 मिनिटं झाकून ठेवा, गाळून दिवसातून दोनदा घ्या. महिनाभरात टेस्टोस्टेरॉन उतरल्याचं अभ्यासात दिसलं आहे, पण तेवढ्यात चेहऱ्यावरचे केस कमी होत नाहीत. केसांचं चक्रच सहा महिन्यांचं असतं, त्यामुळे महिन्याने निराश होऊन सोडू नका. थायरॉइडची गोळी मात्र रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुदिन्याचा काढा त्यानंतर तासाभराने.

हळद जेवणात खुशाल वापरा. पण चमचाभर हळदीत कर्क्युमिन (हळदीतला मुख्य गुणकारी घटक) जेमतेम 100 मिग्रॅ. अभ्यासात दिवसाला 500 ते 1500 मिग्रॅच्या कॅप्सूल वापरतात. मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूल तुम्ही टाळा: शोषण वाढतं, तसा यकृताचा धोकाही. पित्तखडे असतील किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर साधी कॅप्सूलही नको.

काढा चालू आहे म्हणून पाळीची वाट बघत बसू नका. तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्यावर कुठल्याही वनस्पतीचा भरवसा धरता येत नाही.